पेसमेकर दर ठोक्याला शॉक देतो का? बॅटरी संपली तर? आणि हे यंत्र आलं कुठून

प्रश्न थोडक्यात असा आहे की वडील ७१ वर्षांचे, दोनदा चक्कर येऊन पडले, होल्टर (दिवसभर अंगावर लावून ठेवायचं ईसीजीचं यंत्र) लावल्यावर मध्येच ४-४ सेकंद हृदय थांबतंय असं दिसलं, डॉक्टरांनी पेसमेकर सांगितलाय आणि वडील म्हणतायत की उरलेलं आयुष्य छातीत करंट खात मशीनवर काढायचं नाही मला. त्यात बॅटरी संपली तर काय, मोबाइल चालतो का आणि मुळात ही भानगड शोधली कुणी, हेही विचारलंय.

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. गेली १८ वर्षं पेसमेकर तपासायचं काम करतोय, म्हणजे कॅथ लॅबमध्ये डॉक्टर लीड, म्हणजे हृदयात जाणारी वायर, बसवत असतात तेव्हा बाजूच्या मशीनवर आकडे वाचून दाखवणारा माणूस तो मी, आणि नंतर दर सहा महिन्यांनी पेशंट आला की छातीवर प्रोग्रामरचं (बाहेरून पेसमेकर वाचायच्या आणि सेट करायच्या मशीनचं) हेड ठेवून डबीशी, म्हणजे कातडीखालच्या पेसमेकरशी, गप्पा मारणारा पण मीच. ऑपरेशन करायचं की नाही हे तुमच्या डॉक्टरांनाच विचारा, यंत्र काय करतं ते मी सांगतो.

तर पहिलं काम म्हणजे शॉक हा शब्द डोक्यातून काढा. सिनेमात छातीवर पॅडल ठेवून माणूस उडतो तो शॉक असतो, त्यात साधारण २०० ज्यूल जातात. पेसमेकरचा एक ठोका म्हणजे समजा अडीच व्होल्ट, लीडचा रेझिस्टन्स ५०० ओहमच्या आसपास, म्हणजे ५ मिलीअँपिअर, आणि तेही फक्त ०.४ मिलीसेकंद. गुणाकार करा, ५ मायक्रोज्यूल येतात. म्हणजे त्या पॅडलच्या एका शॉकमध्ये पेसमेकरचे ४ कोटी ठोके बसतात, दर सेकंदाला एक या हिशोबाने सव्वा वर्षाहून जास्त पुरतील. हे पेशंटला जाणवतच नाही. (छातीत बसवून खरंच मोठा शॉक देणारं यंत्र असतं, त्याला आयसीडी म्हणतात, ते वेगळ्या आजारासाठी, त्याच्याशी गल्लत करू नका. नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ही गल्लत हमखास होते.)

आणि दुसरं म्हणजे हे यंत्र बहुतेक वेळ गप्प बसून ऐकत असतं. ठोका देणं ही त्यातली सोपी गोष्ट आहे हो, ते काम ९० वर्षांपूर्वीही जमत होतं. कधी द्यायचा नाही, हे कळायला खूप वर्षं गेली. पेसमेकरचा इतिहास मला तरी तसाच दिसतो, त्यामुळे त्याच क्रमाने सांगतो.

त्याआधी हृदयाची स्वतःची वायरिंग समजून घ्या, एका परिच्छेदात उरकतो. उजव्या वरच्या कप्प्यात एसए नोड नावाचा पेशींचा छोटा पुंजका असतो, तो आपणहून मिनिटाला ६० ते १०० वेळा विजेचा इशारा सोडतो. हाच निसर्गाने दिलेला पेसमेकर, १९०७ मध्ये कीथ आणि फ्लॅक यांनी शोधला. तो इशारा वरचे कप्पे आकुंचन करत खाली एव्ही नोडपाशी येतो, तिथे मुद्दाम थोडा अडतो, सेकंदाचा दहावा भाग म्हणा, म्हणजे तेवढ्यात वरचं रक्त खाली उतरून घेतं, आणि मग तिथून वायरसारख्या तंतूंमधून खालच्या मोठ्या कप्प्यांत झटकन पसरतो. बिघाड दोन जागी होतो. एक तर एसए नोड म्हातारा होऊन मध्येच डुलकी काढतो, तुमच्या वडिलांचं होल्टर ऐकून मला हेच वाटतंय, नाहीतर मधला एव्ही नोड किंवा त्याखालची वायर तुटते आणि वरचा इशारा खाली पोचतच नाही, त्याला हार्ट ब्लॉक म्हणतात. (हा ब्लॉक वेगळा आणि अँजिओग्राफीत सापडतो तो ब्लॉकेज वेगळा. तो नळाचा आजार, हा विजेचा. यातही रोज गोंधळ होतो.) इशारा खाली पोचला नाही तर खालचे कप्पे आपल्या जिवावर २० ते ४० ठोके काढतात, कधी तेही लगेच सुरू होत नाहीत, आणि मग माणूस उभ्याउभ्या कोसळतो.

आता इतिहास. १८८९ मध्येच मॅकविल्यम नावाच्या स्कॉटलंडमधल्या शरीरशास्त्रज्ञाने लिहून ठेवलं होतं की थांबलेल्या हृदयाला ठरावीक तालात विजेचे झटके दिले तर ते चालू शकतं. १९२८ मध्ये ऑस्ट्रेलियात सिडनीला मार्क लिडविल या डॉक्टरने एका भौतिकशास्त्रज्ञाच्या मदतीने एक यंत्र जुळवलं, एक टोक त्वचेवर, दुसरं टोक म्हणजे सुई, ती थेट हृदयात, आणि जन्मतःच ठोके नसलेलं एक बाळ त्याने जगवलं. १९३२ मध्ये न्यूयॉर्कच्या अल्बर्ट हायमनने हाताने किल्ली द्यायचं यंत्र बनवलं, सात किलोच्या वर वजन, सहा मिनिटं चालायचं की परत किल्ली. आर्टिफिशियल पेसमेकर हे नाव त्यानेच वापरलं. लोकांना ते आवडलं नाही, मेलेल्याला उठवायचा उद्योग म्हणून नाकं मुरडली गेली.

मग १९५० मध्ये टोरांटोत हॉप्स, बिगलो आणि कॅलॅहन. यांचं मूळ काम शरीर थंड करून ऑपरेशन करायचं होतं, थंड हृदय थांबतं, मग ते परत चालू करायला हॉप्सने व्हॅक्यूम ट्यूबचं यंत्र केलं. १९५२ मध्ये बोस्टनला पॉल झोलने छातीवर बाहेरूनच पट्ट्या लावून पेशंट जगवून दाखवला. पण त्वचेवरून हृदयापर्यंत पोचायचं तर व्होल्टेज जबरदस्त लागतं, छातीचे स्नायू प्रत्येक ठोक्याला आवळायचे, कातडी भाजायची, जागा माणूस किती वेळ सहन करणार. तुमच्या वडिलांच्या मनातलं चित्र आहे ना, करंट खात जगायचं, ते १९५२ साली अगदी बरोबर होतं.

आणि ही सगळी यंत्रं भिंतीच्या प्लगला. इथे मिनिआपोलिसची गोष्ट येते. वॉल्टन लिलेहाय हे सर्जन लहान मुलांच्या हृदयातली भोकं शिवायचे, टाका कधी त्या वायरिंगच्या तंतूतून जायचा आणि ब्लॉक व्हायचा. म्हणून त्यांनी बारीक वायर थेट हृदयाच्या स्नायूत खोचून बाहेर काढली, त्यामुळे व्होल्टेज एकदम कमी झालं, पोरं रडेनाशी झाली, पण त्या पोराचं जग किती मोठं तर एक्स्टेन्शन कॉर्ड पुरेल तेवढं. ३१ ऑक्टोबर १९५७ ला शहराची वीज गेली. लिलेहाय यांनी अर्ल बाकेनला बॅटरीवर चालणारं काही करता येईल का म्हणून विचारलं. बाकेन हॉस्पिटलची यंत्रं दुरुस्त करून द्यायचा, गॅरेजमध्ये कंपनी होती त्याची, मेडट्रॉनिक. त्याने एका इलेक्ट्रॉनिक्सच्या मासिकात आलेलं मेट्रोनोमचं सर्किट उचललं, हो, संगीत शिकणाऱ्यांसाठी टकटक करणारं ते मेट्रोनोम, त्यात ट्रान्झिस्टर होते, स्पीकरच्या जागी वायरी जोडल्या आणि साधारण चार आठवड्यांत हातात मावेल असा डबा तयार केला. प्राण्यावर चाचणी करायला नेऊन दिला आणि दुसऱ्या दिवशी जाऊन बघतो तर तो डबा एका मुलीला जोडलेला. आज असं केलं तर सगळे तुरुंगात जातील.

पण वायर अजूनही कातडीतून बाहेर येत होती, म्हणजे जंतूंना उघडा दरवाजा. सगळं आत बसवायचं पहिल्यांदा ८ ऑक्टोबर १९५८ ला स्वीडनमध्ये झालं. सर्जन ओके सेनिंग, इंजिनिअर रूने एल्मक्विस्ट आणि पेशंट आर्ने लार्सन, ४३ वर्षांचे, दिवसातून अनेक वेळा बेशुद्ध पडायचे. यंत्र तयारच नव्हतं, लार्सन यांच्या बायकोने दोघांच्या मागे लागून लागून करवून घेतलं. एल्मक्विस्टने सर्किट इपॉक्सी नावाच्या घट्ट होणाऱ्या राळेत ओतलं आणि साचा म्हणून वापरली बूटपॉलिशची डबी! पहिलं यंत्र काही तासांत बंद पडलं, लगेच दुसरं बसवलं. लार्सन यांना पुढे आयुष्यात वीसपेक्षा जास्त पेसमेकर बदलावे लागले आणि ते गेले २००१ मध्ये, ८६ व्या वर्षी, कॅन्सरने. तोपर्यंत सर्जनही गेले होते आणि इंजिनिअरही. वडिलांना हे नक्की सांगा.

त्याच सुमारास अमेरिकेत बफेलोला विल्सन ग्रेटबॅच हृदयाचे आवाज रेकॉर्ड करायचं सर्किट जोडत होता, डब्यातून रेझिस्टर काढताना चुकीचा हातात आला, १० किलोओहमच्या ऐवजी १ मेगाओहमचा. जोडला तर सर्किट १.८ मिलीसेकंद चालू आणि मग एक सेकंद गप्प, परत चालू, परत गप्प. तो बघतच राहिला, कारण हा हृदयाचाच ताल होता. १९६० मध्ये डॉ. चार्डॅक यांच्याबरोबर त्याचा पेसमेकर माणसांमध्ये बसायला लागला. चुकून लागलेला शोध म्हणून ही गोष्ट सगळीकडे सांगतात, पण चुकीचा रेझिस्टर मीही शंभर वेळा लावलाय, मला काही ताल ऐकू आला नाही.

आता मुख्य मुद्दा. हे सगळे पेसमेकर बहिरे होते. मिनिटाला ७० म्हणजे ७०, हृदय स्वतः चाललंय की नाही याच्याशी देणंघेणं नाही. ज्याचा ब्लॉक कायमचा आहे त्याला चाललं, पण तुमच्या वडिलांसारखा पेशंट, ज्याचं हृदय बहुतेक वेळ नीट चालतं आणि मध्येच थांबतं, त्याला हे धोक्याचं. कारण प्रत्येक ठोक्यानंतर स्नायू परत सावरत असतो तेव्हा एक नाजूक क्षण असतो, ईसीजीवर टी वेव्ह दिसते ना तिथे, आणि नेमका त्यावर बाहेरचा ठोका पडला तर क्वचित सगळं हृदय थरथरायला लागू शकतं आणि ते जिवावरचं असतं. यावर १९६० च्या दशकात बरो बर्कोविट्झ या इंजिनिअरने उत्तर काढलं, डिमांड पेसमेकर. ठोका द्यायची जी वायर, तिच्यातूनच हृदयाची वीज ऐकायची, स्वतःचा ठोका आला की घड्याळ शून्यावर, ठरलेल्या वेळात नाहीच आला तरच आपला द्यायचा.

आजही आतून हेच चालतं. रेट ६० ठेवला असेल तर डबीत १००० मिलीसेकंदांचं घड्याळ. वडिलांचा ठोका ८५० ला आला, घड्याळ परत शून्यावर. परत ८५०, परत शून्य. असं तासन्‌तास. मग एसए नोडने डुलकी काढली, ९९८, ९९९, १०००, टक. चार सेकंदांचा पॉज एका सेकंदाच्या पुढे जातच नाही आणि वडील पडत नाहीत. बस, इतकंच आहे. ऐकायचं म्हणजे काय ऐकायचं तर ५-१० मिलीव्होल्टची लाट, वरच्या कप्प्यात तर २-३ मिलीव्होल्ट, आणि त्याच वेळी छातीचा स्नायू आणि आसपासची उपकरणं यांचा गोंगाट गाळून टाकायचा. जास्त तीक्ष्ण कान ठेवला तर गोंगाटाला ठोका समजून गप्प बसेल, कमी ठेवला तर खरा ठोका ऐकू न येऊन वर आपला देईल. आमचं अर्धं काम हा कान लावण्याचंच.

म्हणून मोबाइल आणि चुंबकाचं सांगतात. डबीवर चुंबक ठेवला की तिचे कान बंद होतात, मुद्दाम तशी सोय असते, मग ती जुन्या पद्धतीने ठरलेल्या रेटला ठोके देत सुटते. फोन वापरा की, फक्त खिशात डबीवर ठेवू नका, १५ सेंटीमीटर लांब ठेवा आणि शक्यतो दुसऱ्या कानाला लावा. इंडक्शन शेगडी दोन फुटांवरून, वेल्डिंग आधी विचारून, मायक्रोवेव्हची भीती जुनी झाली. एमआरआयचं मात्र बसवायच्या आधीच बोला, आता एमआरआयला चालणारे पेसमेकर सर्रास असतात, पण डबी आणि लीड दोन्ही त्यातले लागतात आणि स्कॅनच्या आधी आमच्यापैकी कुणीतरी येऊन मोड बदलावा लागतो.

बॅटरी. सुरुवातीच्या पाऱ्याच्या बॅटऱ्या दोनेक वर्षांत संपायच्या, त्यातून हायड्रोजन सुटायचा म्हणून डबी हवाबंद करता यायची नाही आणि मग शरीरातला ओलावा आत शिरून सर्किट जायचं. मध्ये तर प्लुटोनियमवर चालणारे पेसमेकर आले, पहिला १९७० मध्ये पॅरिसला, ते दशकानुदशकं चालले पण पेशंट गेल्यावर त्या प्लुटोनियमचा हिशोब कुणी ठेवायचा. शेवटी परत ग्रेटबॅचच, त्याने लिथियम-आयोडीन बॅटरी आणली, १९७२ मध्ये पहिल्यांदा माणसात बसली, गॅस नाही म्हणून टायटॅनियमची डबी वेल्ड करून कायमची बंद. माझ्या मते रेझिस्टरपेक्षा त्याचं मोठं काम हे. क्षमता साधारण १ अँपिअर-तास, खर्च १० मायक्रोअँपिअरच्या आसपास, म्हणजे एक लाख तास, ११ वर्षं. आणि ही बॅटरी टॉर्चसारखी पटकन विझत नाही, हळूहळू उतरते, आम्हाला दर तपासणीत दिसते, बदलायची खूण आल्यावरही साधारण तीन महिने हातात असतात. बदलताना फक्त डबी बदलतात, लीड तीच राहते.

खरी कमजोर जागा लीड आहे. दिवसाला लाखभर वेळा वाकणारी वायर कल्पना करा. बसवताना कॉलरबोनखालच्या शिरेतून ती आत सरकवतात, टोकाला बारीक स्क्रू असतो तो डॉक्टर फिरवून स्नायूत बसवतात, आणि मग मी आकडे सांगतो. थ्रेशोल्ड म्हणजे हृदयाचा ठोका पडायला लागणारं कमीत कमी व्होल्टेज, ते काढायची पद्धत अशी की व्होल्टेज पायरी पायरीने उतरवायचं, २, दीड, १, पाऊण, प्रत्येक स्पाइकमागे (स्पाइक म्हणजे डबीच्या इशाऱ्याची ईसीजीवरची उभी रेघ) रुंद ठोका येतोय का बघायचं, अर्ध्या व्होल्टला स्पाइक येतो आणि मागे नुसती सपाट रेघ, की बोट लगेच बटणावरून उचलायचं. ज्याला स्वतःचा ठोकाच नाही असा पेशंट तेवढ्यात म्हणतो, डोळ्यांपुढे अंधारी आली हो. मग ०.७५ लिहून घ्यायचं आणि मशीन दुप्पट-तिप्पटवर ठेवायचं. पहिले काही आठवडे ताजी जखम असल्याने थ्रेशोल्ड चढतो म्हणून जास्तच ठेवतात, तीन महिन्यांनी मी खाली आणतो आणि बॅटरीची वर्षं वाढतात. त्या तपासणीला येत जा, बरेच जण येत नाहीत.

हात चार-सहा आठवडे खांद्याच्या वर नेऊ नका असं सांगतात तेही लीडसाठी. आणि डबीशी खेळू नका. एक आजोबा आले होते, डावा हात आपोआप उडतोय म्हणे, उचकी लागल्यासारखा, मिनिटाला बरोबर ६० वेळा. एक्स-रे काढला तर लीड हृदयातून निघून डबीभोवती दोरीसारखी गुंडाळलेली, कातडीखाली डबी हाताला लागते म्हणून ते बसल्याबसल्या फिरवत राहायचे. यंत्र इमानदारीत ठोके देत होतं, फक्त हृदयाला नाही, खांद्याच्या नसेला. परत उघडून बसवावं लागलं.

सिंगल की डबल चेंबर हा प्रश्न तुम्हाला विचारला जाईल. डबल म्हणजे दोन लीड, वरच्या कप्प्याचं ऐकून तेवढाच थांबा घेऊन खाली ठोका, निसर्गासारखं, वडिलांच्या आजाराला बहुतेक तोच सुचवतील, पण निर्णय डॉक्टरांचा. चालताना रेट वाढवायला आत हालचालीचा सेन्सरही असतो. जुन्या सेन्सरना खड्ड्यांतून जाणारी गाडी आणि चालणारा माणूस यातला फरक कळायचा नाही, गाडीत बसल्याबसल्या ठोके वाढायचे. आणि २०१३ च्या आसपासपासून लीडच नसलेले, मोठ्या कॅप्सूलएवढे, दोनेक ग्रॅमचे पेसमेकर मांडीच्या शिरेतून थेट हृदयात सोडतात, पण ते सगळ्यांना लागू नाहीत.

वडिलांच्या मनात कदाचित अजून एक असेल, लोक मला हळूच विचारतात, वेळ आली तरी हे मरू देणार नाही का. देतं. पेसमेकर फक्त इशारा देतो, आकुंचन स्नायूनेच करायचं असतं, स्नायू थकला की स्पाइक येत राहतो आणि मागे काही येत नाही. दहनाआधी मात्र डबी काढावी लागते, बंद बॅटरी उष्णतेने फुटते.

आणि मशीनवर जगण्याबद्दल, पहिल्या तपासणीला वडिलांना घेऊन जाल तेव्हा तिथल्या माणसाला विचारा की पेसिंग, म्हणजे डबीने दिलेले ठोके, किती टक्के आहे. डबीने प्रत्येक ठोका मोजलेला असतो. समजा वरच्या कप्प्याचे ८ टक्के आले तर १०० पैकी ९२ वेळा डबी नुसती ऐकत बसली होती आणि ठोका वडिलांचा स्वतःचा होता. तो आकडा स्क्रीनवर त्यांना स्वतःला वाचू द्या.